डायब्लो २ रिसरेक्टेड : जुन्यापेक्षा सरस झालाय का?

कृष्णाकाठचा (धागाकर्ता) | रविवार, रात्री १०:४२

महिन्याभरापूर्वी माळा आवरताना फ्लॉपींचा डबा सापडला. २०१९ च्या पुरात आमच्या गावभागातल्या घरात पाणी शिरलं तेव्हा खालचं बरंचसं गेलं, हा डबा वर होता म्हणून कोरडा राहिला. एका फ्लॉपीच्या पट्टीवर माझ्याच अक्षरात लिहिलंय, 'पॅलाडिन ६१. कुणी पुसू नये.' खाली २००३. हातात घेऊन तिथंच शिडीवर बसून राहिलो.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. डायब्लो २ हा राक्षस मारत फिरायचा कॉम्प्युटरवरचा खेळ आला २००० साली, तीन सीड्यांवर. पॅलाडिन हा त्यातला एक योद्धा, ६१ ही माझ्या पॅलाडिनची पातळी. पुढच्या वर्षी लॉर्ड ऑफ डिस्ट्रक्शन ही पुरवणी आली. आणि सप्टेंबर २०२१ मध्ये तोच खेळ नव्या चित्रांनिशी रिसरेक्टेड म्हणून आला. फ्लॉपी वाचायला ड्राइव्ह मिळेना, म्हणून तोवर नवी आवृत्ती घेतली. रोज मुलगी झोपली की तासभर बसतो.

पहिल्या छावणीत पाऊस पडतोय, चार्सीच्या भट्टीचा उजेड चिखलात उतरलाय, कोंबड्या पायातून पळतायत. मग जी हे बटण दाबायचं. एका क्षणात जुनं चित्र, ८०० बाय ६००, दोन्ही बाजूंना काळ्या पट्ट्या. कोंबडी होती तिथंच, माझा माणूस त्याच पावलावर. मी एका बैठकीत दहादा ते बटण दाबतो.

दिसायला सुधारलाय यात मला शंका नाही. पण खेळ म्हणून सुधारला का? माझं मत अजून ठरत नाही. ज्यांनी दोन्ही मन लावून खेळलेत त्यांनी सविस्तर लिहा.

---

तासगावकर | रविवार, रात्री ११:१५

सुधारला. शंभर टक्के सुधारला.

एकच गोष्ट सांगतो, स्टॅश. जुन्यात पुरवणी घालूनसुद्धा पेटीत ४८ घरं. एक चिलखत ठेवलं की सहा घरं गेली. शिवाय एका कॅरेक्टरची वस्तू दुसऱ्याला द्यायची तर ती जमिनीवर टाकायची, बाहेर पडायचं, दुसरं कॅरेक्टर घेऊन परत यायचं, आणि तोवर खेळ चालू ठेवायला कुणीतरी आत थांबलेलं पाहिजे. मी एकटा खेळायचो, माझ्यासाठी कोण थांबणार? नव्यात पेटी १०० घरांची, वर सगळ्या कॅरेक्टरांना सामायिक असे तीन कप्पे. सोन्यावरून चालत गेलं की आपोआप खिशात. मी दोन दशकं एकेका नाण्यावर क्लिक केलंय, माझ्या मनगटाला विचारा.

आणि आतला हिशेब जुनाच ठेवलाय, हे त्यांचं मोठं शहाणपण. खेळ अजून सेकंदाला २५ वेळाच आकडेमोड करतो, वर फक्त नवं त्रिमितीय चित्र चढवलंय. म्हणून तर जी दाबल्यावर कोंबडी हलत नाही.

---

बेदाणा | रविवार, रात्री ११:३१

मी फक्त नवाच खेळलोय, वय २०. जी दाबून जुनं बघितलं तर काय चाललंय काही कळेना. तुम्ही लोक यावर वर्षानुवर्षं खेळलात? मनापासून विचारतोय.

---

पेठेतली_सोर्सरेस | सोमवार, सकाळी ७:५०

@बेदाणा, हो, खेळलो. १४ इंची गोल काचेच्या मॉनिटरवर ते चित्र वेगळं दिसायचं. सपाट स्क्रीनवर ताणून दाखवलं की दाणे दाणे होतात. जुन्यावर न्याय करायचा तर त्याच्या काचेवर करायला हवा.

माझा मुद्दा अंधाराचा आहे. जुन्यात माझ्याभोवती एक उजेडाचं वर्तुळ असायचं आणि त्यापलीकडे खरोखर काळोख. त्या काळोखातून आधी आवाज यायचा. काउंटेसच्या बुरुजात उतरताना मी हेडफोनवर नुसती ऐकत उभी राहायची. नव्यात मशालीचा उजेड भिंतीवर खेळतो, ओल चमकते, दगड न् दगड दिसतो. फार देखणं केलंय, पण मला पूर्वीएवढी भीती वाटत नाही. आणि एवढ्या बारकाव्यात खाली पडलेली अंगठी दिसतच नाही, आल्ट दाबून नावं वाचावी लागतात. ती अंगठी पडल्याचा बारीकसा 'टिंग' मात्र तसाच ठेवलाय. तो ऐकला की आजही माझी पाठ ताठ होते.

उलट बाजूही सांगते. नव्यात हिमवादळ टाकलं की गोठलेल्या राक्षसावर बर्फ चढताना दिसतो. सोर्सरेस (जादूगारीण) खेळणाऱ्याला विचारा, त्यासाठी पैसे वसूल आहेत.

---

जवारी | सोमवार, सकाळी ९:०५

आमचं घराणं मिरजेत तंबोरे-सतारी बनवणारं. रोज जुनी वाद्यं दुरुस्तीला येतात म्हणून या प्रश्नाकडे मी कामाच्या नजरेनं बघतो.

तंबोरा वर्षानुवर्षं वाजला की घोडीवर तारेनं खाच पडते आणि आवाज मिटतो. मग जवारी काढायची. कानशीनं घोडीचा माथा इतका हलका घासायचा की बघणाऱ्याला काही केलंय असं वाटू नये. मग सूत सरकवत सरकवत आवाज उघडतो. भोपळा तोच, लाकूड तेच, आणि आजोबांचा तंबोरा पुन्हा बोलायला लागतो. काही लोक मात्र म्हणतात, नवीन पॉलिश मारा, नक्षी बदला. करून देतो आम्ही, पण दर वेळी त्यात आवाज सुधारतोच असं नाही.

रिसरेक्टेडमध्ये दोन्ही केलंय. आवाज, नियम, शत्रूंची चाल याला फार कमी हात लावला, ती जवारी. चित्र पूर्ण नवं, ते पॉलिश. बनवणाऱ्यांनी स्वतःच सांगितलं होतं की ७० टक्के जुनं ठेवायचं नि ३० टक्के नवं आणायचं. माझ्या मते प्रमाण बरोबर साधलं. मॅट उएलमनची ती बारा तारांच्या गिटारची ट्रिस्ट्रमची धून पहिल्या दिवशी लावली आणि डोळे मिटून ऐकली. तिचा भोपळा कुणी फोडला नाही, एवढं बघितलं आणि मग खेळायला बसलो.

---

कुपवाड_लेथ | सोमवार, दुपारी १:२०

जवारी, तुझं लिहिणं पटलं भावा, पण वाद्याचा एक भाग तू मोजलाच नाहीस. लॅन, म्हणजे शेजारशेजारची मशीन केबलनं जोडून खेळणं.

जुन्या खेळात टीसीपी-आयपी असं एक पान होतं. एका मशीननं खेळ उघडायचा, बाकीच्यांनी त्याचा आकडा टाकून आत यायचं. आठजण. ना इंटरनेट, ना खातं, ना पासवर्ड. कॉलेज कॉर्नरच्या मागं एक कॅफे होता, आठच मशीन. कारखान्यातली पाळी संपली की तेलकट हातानं आम्ही तिथं. आत जेवढी माणसं जास्त तेवढे राक्षस तगडे, प्रत्येक माणसामागं त्यांचं आयुष्य निम्म्यानं वाढायचं. आठजण असले की साडेचारपट. एकट्याच्यानं होणारच नाही असा हिशेब. एक पुढं भिंत होऊन उभा, एक मागून बर्फ टाकतोय, एक नुसता ओरडतोय 'पोर्टल टाक, पोर्टल टाक'. माझा बार्बेरियन होता, नाव बजरंगी. पुढं भिंत मीच.

नव्यात ते पानच काढून टाकलंय. चकाचक सगळं, पण शेजारच्या खुर्चीवरच्या माणसाबरोबर खेळायचं तर दोघांनी आधी इंटरनेटवर जायचं, कुठल्यातरी लांबच्या सर्व्हरवर भेटायचं. खेळाचा पायच काढला आणि म्हणायचं सुधारला? मला नाही पटत.

---

तासगावकर | सोमवार, दुपारी २:०२

@कुपवाड_लेथ, ते उगाच काढलेलं नाही. चाचणीच्या काळात त्या जोडणीत सुरक्षेच्या मोठ्या त्रुटी सापडल्या म्हणून ऑगस्ट २०२१ मध्ये, खेळ यायच्या महिनाभर आधी, ते वगळल्याचं जाहीर केलं. आजच्या काळात उघडं दार ठेवून चालत नाही. आणि इंटरनेटवर पासवर्डचा खेळ उघडून आठजण आजही खेळू शकतात की.

---

कुपवाड_लेथ | सोमवार, दुपारी २:१०

दाराला कडी नव्हती म्हणून भिंत बांधली. कडी लावायची होती.

---

विश्रामबागवाला | सोमवार, सायंकाळी ६:४५

अवांतर आहे, पण सांगायलाच पाहिजे.

गाईंची गुप्त पातळी आठवते ना? विर्टचा लाकडी पाय आणि टाउन पोर्टलचं पुस्तक होराड्रिक क्यूबमध्ये घालायचं, लाल दार उघडतं आणि आत शेकडो गाई, दोन पायांवर उभ्या, हातात परशू. मी घरी खेळत होतो, २००४ असेल. मागून आजी आली. तिनं नेमकं पाहिलं ते असं की नातू गाई मारतोय. काही बोलली नाही. आत गेली, देवापुढं दिवा लावला, बाहेर येऊन कॉम्प्युटरचं बटण भिंतीतून बंद केलं आणि म्हणाली, 'आधी आंघोळ कर.' पौषातली रात्र, साडेनऊ वाजलेले.

नवा आला तेव्हा पुन्हा तिथं गेलो. गाईंचं अंग आता केसाकेसानं दिसतं. आजी असती तर दोनदा आंघोळ झाली असती.

---

पेठेतली_सोर्सरेस | सोमवार, सायंकाळी ७:०१

हसून हसून डोळ्यात पाणी आलं. आजींना नमस्कार.

---

निशाचर | सोमवार, रात्री ९:३०

हा प्रश्न एका डायब्लोपुरता नाही. २००६ चा ऑब्लिव्हियन हा खेळ घ्या. एप्रिल २०२५ मध्ये आगाऊ तारीख न सांगता त्याची नवी आवृत्ती जाहीर केली आणि त्याच दिवशी विकायला काढली. त्यातही हीच युक्ती, आत जुनं इंजिन हिशेब करतंय, बाहेर अनरियल ५ हे नवं इंजिन चित्र काढतंय. पण तिथं नियमांनाही हात लावला. धावता यायला लागलं, आणि पातळी वाढवायची जुनी किचकट पद्धत बदलली. जुन्यात नेमकी कौशल्यं मोजून वाढवली नाहीत तर आपण अशक्त राहायचो आणि शत्रू मात्र आपल्या पातळीबरोबर वाढायचे. मी वहीत रकाने आखून खेळायचो. ते काढलं म्हणून मला आनंद झाला. शत्रूंचं आपल्याबरोबर वाढणं मात्र तसंच राहिलं.

जागेचं बघा, १२५ जीबी मागतो. मूळ खेळ ५ जीबीच्या आत बसायचा.

फायनल फँटसी सात तर तिसरीच तऱ्हा. १९९७ च्या खेळातलं फक्त पहिलं शहर घेऊन २०२० मध्ये अख्खा नवा खेळ केला, लढाई वेगळी, कथेतही फेरफार. ती पुनर्निर्मिती. तिला जुन्याच्या तराजूत घालू नये असं मला वाटतं. ज्यात जुना सांगाडा जिवंत ठेवलाय त्यालाच 'सुधारला का' हा प्रश्न लागू होतो.

---

बेदाणा | सोमवार, रात्री ९:५८

@निशाचर, हे वर्गीकरण आवडलं. एक शंका: तिसऱ्या अंकातलं जंगल जुन्यात पण इतकंच वैताग आणणारं होतं का? काल दोन तास नदीकाठीच फिरतोय.

---

कृष्णाकाठचा | सोमवार, रात्री १०:२०

@बेदाणा, होतं. तीच नदी, तेच बाहुल्यांएवढे फेटिश. पाण्याचा काठ धरून चालत राहा, वाट सापडते.

---

आमराई | सोमवार, रात्री ११:४७

मी इथं वाचतो, लिहीत नाही. आज लिहितो.

तो कॅफे माझा. आठ मशीन, ती एकमेकांना जोडणारा एक १० एमबीपीएसचा हब आणि एक यूपीएस. तासाला २० रुपये, रात्री दहानंतर १५. भारनियमनात वीज गेली की यूपीएसवर सगळ्यांना सेव्ह करून बाहेर पडायला पाच मिनिटं मिळायची. मी मोठ्यानं आकडे मोजायचो आणि आतून एकच गलका, 'अण्णा, फक्त एक मिनिट, ड्युरिएल मरतोय!'

ड्युरिएल या मोठ्या राक्षसावरून आठवलं. माझी मशीन जुनी. त्या खोलीत शिरताना चित्र चढायला एवढा वेळ लागायचा की पोरगा आत पोहोचेस्तोवर मेलेला असायचा. पडद्यावर पहिलं दृश्य काय, तर आपलंच प्रेत. तीन पोरांनी त्यापायी माझे तीन माउस आपटले. मागच्या वर्षी पुतण्याकडं नवा खेळ बघितला. दार उघडलं, क्षणात आत, तो उभा, ड्युरिएल उभा, दोघांना समान संधी. माझं मत विचाराल तर एवढ्या एका खोलीसाठी नवा सरस.

पण कुपवाड_लेथ म्हणतो तेही खरं आहे. माझं दुकान चाललं ते चित्रावर नाही. आठ पोरं शेजारी बसून खेळू शकत होती म्हणून चाललं. नव्या खेळावर तसा कॅफे काढता आला नसता.

२००६ ला बंद केला. हब अजून कपाटात आहे.

---

कुपवाड_लेथ | मंगळवार, पहाटे ५:५५

अण्णा! पाळीवर निघता निघता वाचलं. तुम्ही इथं आहात हेच माहीत नव्हतं. खिडकीकडचं तीन नंबर मशीन, मी.

माझा बजरंगी तुमच्या त्याच मशीनची डिस्क गेली तेव्हा गेला. मी फ्लॉपीवर घेतला नव्हता. तुम्ही दोन दिवस डिस्कशी झटला होता, विसरलेलो नाही.

---

आमराई | मंगळवार, सकाळी ८:३०

तुला त्या आठवड्याचे पैसे परत द्यायला आलो होतो, तू घेतले नाहीस. मीही विसरलेलो नाही.

---

कृष्णाकाठचा | बुधवार, रात्री ११:१०

फ्लॉपी वाचली!!

एका जुन्या टायपिंग इन्स्टिट्यूटमध्ये यूएसबीची फ्लॉपी ड्राइव्ह मिळाली. पहिल्या दोनदा घरघर करून थांबली, तिसऱ्यांदा फाइल आली. काही किलोबाइटची तर फाइल, अख्खं एक वर्ष तिच्यात. आधी जुन्या खेळात टाकली. त्याची १.१४ ही २०१६ ची दुरुस्ती आहे, तिच्यावर तो आजच्या विंडोजवर चालतो. तिथं उघडून सेव्ह केली आणि मग नव्याच्या फोल्डरात ठेवली. यादीत नाव आलं. पॅलाडिन, ६१.

तो छावणीत उभा राहिला आणि मला आधी ओळखूच आला नाही. जी दाबलं तेव्हा ओळखला. मग पुन्हा जी दाबून नव्या चेहऱ्याकडे नीट बघितलं. या एका गोष्टीसाठी या लोकांचे मनापासून आभार मानतो. २००३ च्या पोराची फाइल आजच्या खेळात उघडते, हे सोपं काम नाही. त्यांनी तेवढी काळजी घेतली.

स्किल चुकीची वाटलेली आहेत, त्या वेळी काही कळत नव्हतं. नव्यानं वाटायची सोय आहे, पण मी हात लावलेला नाही.

आता खरी गोष्ट. पेटी उघडली. अर्धी पेटी तुटके हिरे, दोन रून (वस्तूच्या भोकात बसवायचे जादूचे खडे), ताल आणि एथ. (बेदाणा, दोन भोकांच्या चिलखतात याच क्रमानं घाल, 'स्टेल्थ' होतं, तुझं जंगलातलं पळणं सुधारेल.) आणि कोपऱ्यात एक वॉर हॅमर, पिवळ्या अक्षरातला. माउस नेला. नावाच्या आधी लिहिलंय: बजरंगीज.

पाचव्या अंकात निहलाथकला मारल्यावर आन्या एका वस्तूवर आपलं नाव कोरून देते. ते नाव पुढं कुणाच्याही हातात गेलं तरी पुसत नाही.

@कुपवाड_लेथ, हा तुझा आहे ना?

---

कुपवाड_लेथ | गुरुवार, पहाटे ५:४०

गावभागातला पॅलाडिन तू होतास? चार नंबरवर बसायचास, निळी सायकल?

माझाच आहे. मला कुऱ्हाड मिळाली तेव्हा तुझ्या पुढ्यात टाकला होता. 'वापर, नंतर दे' म्हणालो होतो. पुढच्या महिन्यात डिस्क गेली.

माझ्या कामाच्या जागी बसून हे लिहितोय. मशीन चालू करायचं राहिलंय अजून.

---

तासगावकर | गुरुवार, सकाळी ९:१२

काटा आला वाचून.

कृष्णाकाठचा, हातोडा परत देता येईल. सामायिक कप्प्यात ठेव, त्या कप्प्याची फाइल निघते, ती लेथला पाठव, तो त्याच्या नव्या खेळात टाकेल. पाच मिनिटांचं काम.

---

कृष्णाकाठचा | गुरुवार, सकाळी ९:४०

करता येईल. काल रात्री हाच विचार आला होता. पण नको वाटतंय. त्यानं माझ्या पुढ्यात जमिनीवर टाकला होता. तो लोखंडी 'ठण्ण' आवाज आला, मी उचलला. द्यायचा तर तसाच द्यायला हवा, आणि ऑफलाइन कॅरेक्टरनं दुसऱ्याच्या समोर वस्तू टाकायची सोय नव्या खेळात नाही. जुन्यात आहे.

माझ्या धाग्याच्या प्रश्नाचं उत्तर मला इथं मिळालं. एकट्यानं रात्री खेळायला नवा सरस. पेटी, वेग, चित्र, सगळ्याच बाबतीत. मी तोच खेळत राहणार. पण हा हातोडा परत करायला मला २००० चाच खेळ लागतो.

अण्णा, हब चालू आहे का?

---

आमराई | गुरुवार, सकाळी १०:०५

आत्ताच पिनमध्ये घालून बघितला. आठांपैकी सहा दिवे लागतात.

शनिवारी या. हॉल मोकळा आहे, माणसं चालतील तितकी. भडंग आणि चहा माझ्याकडे. केबली मात्र ज्याच्या त्यानं आणा, माझ्या उंदरांनी खाल्ल्या.

---

पेठेतली_सोर्सरेस | गुरुवार, सकाळी १०:२२

इस्लामपूरहून येतेय. माझ्याकडे दोन लॅपटॉप आहेत, जुना खेळ १.१४ सकट घालून आणते. बर्फ मी टाकीन. आणि हॉलमधला दिवा बंद करायचा, ही अट.

---

तासगावकर | गुरुवार, सकाळी १०:४०

पुण्याहून निघतो, दुपारपर्यंत पोहोचतो. माझं स्टॅशबद्दलचं मत तेच आहे. पण दोन दशकं एकटाच खेळलोय, मला आतमध्ये थांबायला कुणीतरी मिळेल.

---

बेदाणा | गुरुवार, सकाळी ११:०३

मी आलो तर चालेल? मला फक्त बघायचंय.

---

आमराई | गुरुवार, सकाळी ११:०६

बघायला कशाला, सहा पोर्ट आहेत. ये.

---

कुपवाड_लेथ | गुरुवार, दुपारी १:१५

सुट्टी टाकली. जेवणाच्या सुट्टीत जुना खेळ घालून नवा बार्बेरियन चालू केलाय, नाव तेच. वॉर हॅमरला ५३ ताकद लागते, बार्बेरियन ३० वर सुरू होतो. आत्ता ४० झाली. शनिवारपर्यंत करतो.